मार्बल, कोटा, कडप्पाच्या फरशीतली भोकं घरच्या घरी कशी भरायची

टॉवेल रॉड काढला, गीझरची जागा बदलली, दाराचा जुना स्टॉपर उखडला, की मागे फरशीत नाहीतर भिंतीच्या मार्बलमध्ये भोक राहतं, आणि त्याच्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे गवंड्याकडून व्हाइट सिमेंट थापून घ्यायचं. काही महिन्यांत ते काळं पडतं, कडेने सुटतं आणि रोज लादी पुसताना एकेक कण निघत परत भोक जिथल्या तिथे. व्हाइट सिमेंट वाईट आहे असं नाही, सांधे भरायला ते ठीकच आहे, पण दगडातल्या छोट्या गुळगुळीत भोकाला ते नीट धरत नाही, सुकताना आकसतं आणि आतून सच्छिद्र राहतं म्हणून पुसायचं मळकं पाणी पीत बसतं. वॉल पुट्टी आणि पीओपी तर फरशीत अजिबात नको, पाणी लागलं की संपलं.

दगडाला लागतं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की दगडासारखं घट्ट होणारं चिकट रसायन, आणि त्यात त्याच दगडाची भुकटी. भरायचं काम तसं सोपं आहे, कोणालाही जमेल. रंग जुळवणं हे खरं काम, आणि बहुतेक लोक तिथेच घाई करतात.

आधी दगड कुठला ते बघा

कोटा राजस्थानातला, शहाबादी कर्नाटकात कलबुर्गीकडची, कडप्पा आंध्रातला, पण हे तिन्ही चुनखडीचेच दगड, आणि मार्बल म्हणजे जमिनीखाली उष्णतेने नि दाबाने रूप पालटलेली चुनखडीच. म्हणजे या सगळ्यांमध्ये मुख्य माल कॅल्शियम कार्बोनेट, तो मऊ असतो आणि ॲसिड त्याला खातं. ग्रॅनाइट वेगळा, तो कितीतरी कडक आणि लिंबू-व्हिनेगरला दाद देत नाही. हे माहीत असायला हवं कारण मार्बल घरी घासून परत चमकवता येतो, ग्रॅनाइट जवळपास नाहीच, त्यामुळे दोघांची पद्धत शेवटच्या टप्प्यात बदलते.

ओळखता येत नसेल तर भोकाच्या आतल्या कडेवर जुना स्क्रू घासून चिमूटभर भुकटी काढा, बशीत घ्या आणि तिच्यावर लिंबाचे दोन-तीन थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडीचं कुळ. कोट्यात सिलिका बरीच असते म्हणून तो जरा कमी फसफसतो पण भुकटीवर दिसतं. लिंबू थेट फरशीवर टाकून बघू नका, पॉलिशवर पांढरट डाग पडतो आणि मग भोकाचं काम बाजूला राहून डागाचं काम सुरू होतं. (आणि जुन्या वाड्याच्या अंगणात काळ्या पाषाणाच्या फरश्या असतील तर त्यातली बारीक भोकं भरायला जाऊ नका. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले त्याची ती जागा आहे, दगडाला ती जन्मापासून आहेत.)

भोक कशाने पडलं

ड्रिलचं भोक असेल तर प्रश्न नाही, कारण समोरच आहे. पण आपोआप पडलेला खड्डा असेल तर भरण्याआधी पाच मिनिटं द्या. नाण्याने फरशी ठोकत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, खाली माल नसेल तिथे डबडब वाजतं. पोकळ फरशीवर पाय पडला की ती किंचित लवते आणि भरलेलं सगळं एक दिवस टिकली निघावी तसं निघून येतं. अशा वेळी भोक आरपार असेल तर त्यातूनच सिमेंटची पातळ स्लरी बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने हळूहळू खाली सोडायची, शेजारच्या सांध्यात एक जागा खरवडून उघडी ठेवायची म्हणजे आतली हवा निघेल. भोकातली वरची सेंटिमीटरभर जागा रिकामी ठेवा, ती इपॉक्सीसाठी. मग आठवडाभर त्या फरशीवर कोणी चालायचं नाही आणि पूर्ण वाळल्यावर पुढचं काम. पोकळी मोठी असेल तर मात्र फरशी काढून परत बसवणंच बरं.

दुसरं म्हणजे ओल. तळमजल्याच्या घरात, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी दगडावर पांढरी पावडर येते, पापुद्रे सुटतात, बारीक बारीक खड्डे पडत जातात. खालून ओल चढते, सोबत क्षार आणते आणि ते पृष्ठभागाजवळ सुकताना दगड फोडतात. खड्ड्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस-रात्र ठेवा. खालच्या बाजूला थेंब दिसले तर आधी गळती शोधा, भरणं नंतर. ओल्या दगडात भरलेलं इपॉक्सी शेजारी नवा खड्डा पाडण्यापलीकडे काही करत नाही.

याच कारणाने भर पावसाळ्यात हे काम काढू नये. नोव्हेंबर ते मे हा काळ चांगला, आणि त्यातही उन्हाळ्यात इपॉक्सी पटापट पकडतं.

सामान

इपॉक्सीसाठी अराल्डाइटचं नेहमीचं दोन ट्यूबचं पॅक बहुतेक कामांना पुरतं. ते रात्रभरात पक्कं होतं, म्हणजे रंग जुळवायला भरपूर वेळ मिळतो. पाच मिनिटांत पकडणारं क्लिअर इपॉक्सी मिळतं ते छोट्या खळगीला ठीक, पण पहिल्यांदाच करत असाल तर त्याच्या नादी लागू नका, रंग घोळता घोळता हातात दगड होतो. पांढऱ्या मार्बलला मात्र क्लिअरवालंच घ्या, नेहमीच्याला पिवळट झाक असते. मार्बलवाल्यांकडे पॉलिएस्टरचं मास्टिकही मिळतं, त्यात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा भाग, अगदी थोडं, शेकडा दोन-तीन टक्के, घालतात आणि ते लवकर घट्ट होतं. सुक्या जागी चांगलं आहे, तासायलाही सोपं, पण वास उग्र असतो आणि सुकताना किंचित आकसतं. बाथरूम, ओटा, गॅलरी अशा पाण्याच्या जागी इपॉक्सीच.

एम-सील कडक होतं यात शंका नाही पण त्याचा रंग आपल्या हातात नसतो. खोल भोकाच्या आतल्या भरणीला वापरा, वरच्या थराला नको.

बाकी हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिटोन, मास्किंग टेप, दाढीची ब्लेडं, वॉटर पेपर (पाणी घेऊन घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) २२०, ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचे, ऑक्साइडचे सुके रंग काळा, पिवळा, लाल, थोडा पांढरा, हातमोजे, आणि मिसळायला जुनं एटीएम कार्ड नाहीतर काचेचा तुकडा. पोस्टर कलर, फॅब्रिक पेंट असले पाण्यातले रंग इपॉक्सीत घालू नका, ते नीट घट्ट होत नाही.

दगडाची भुकटी विकत घ्यायची गरज नाही. बांधकामाच्या वेळचा उरलेला तुकडा गच्चीत, जिन्याखाली कुठेतरी असतोच, त्याला जाड पॉलिश पेपरवर घासून भुकटी काढायची आणि जुन्या चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायची. तुकडाच नसेल तर कपाटाखालची, सिंकमागची न दिसणारी कड खरवडा. मार्बल कापणाऱ्या दुकानातही मिळेल, फक्त त्यांच्या ढिगात दहा प्रकारच्या दगडांचा चुरा एकत्र असतो हे लक्षात ठेवा. घासताना तोंडाला मास्क बांधा, ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसाला वाईट.

भोक साफ करणं

आत रावल प्लग (स्क्रू धरायला भोकात बसवलेली प्लॅस्टिकची नळी) असेल तर त्यात स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पक्कडीने सरळ बाहेर ओढा. स्क्रू पूर्ण आत नेलात तर प्लग फुगून उलट जास्तच घट्ट बसतो. नाहीच आला तर हातोडीने हलकेच ठोकून सेंटिमीटरभर आत ढकला आणि तिथेच राहू द्या, भरायला तेवढीच जागा कमी. वाकडं-तिकडं ओढून कडेचा टवका उडवण्यापेक्षा हे बरं.

आता भोकाची कड बघा. ड्रिलने बहुतेक वेळा वरची कड बशीसारखी पसरट फुटलेली असते, आणि ती पसरट पातळ कड हाच भरणीचा कच्चा दुवा, तिथला थर कागदाएवढा पातळ पडतो आणि उडतो. म्हणून टोकदार स्क्रूने किंवा जुन्या पटाशीच्या कोपऱ्याने ती कड थोडी उभी करून घ्या. भोक मिलिमीटरभर मोठं झालं तरी चालेल. आत गुळगुळीत असेल तर स्क्रूचे आटे आतून फिरवून चरे पाडा.

नंतर जुन्या ब्रशने धूळ काढा, फुंकर मारताना डोळे सांभाळा. इअरबड ॲसिटोनमध्ये बुडवून आतून पुसा, काळा निघेल, दुसरा घ्या, पांढरा येईपर्यंत. कडप्प्याला आपल्याकडे चमकायला तेल लावायची सवय आहे आणि ते तेल दगडात खोल जातं, तिथे इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे कडप्पा जास्त वेळा पुसावा लागतो. ॲसिटोन पेट घेतं, ओट्याजवळ काम असेल तर गॅस बंद, देवाजवळचा दिवाही शांत होऊ द्या. टॉयलेट क्लीनरने भोक साफ करायचा मोह नको, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते मार्बलची कडच खाऊन टाकतं.

साफ झालं की भोकाच्या भोवती मास्किंग टेप लावा, अगदी कडेपर्यंत.

रंग

सुक्या भुकटीचा रंग बघून फसू नका. इपॉक्सीत गेली की ती गडद होते, ओल्या दगडासारखी दिसते. म्हणून फरशीवर आधी पाण्याचा ओला हात फिरवायचा आणि त्या ओल्या रंगाशी आपलं मिश्रण जुळवायचं. हे पॉलिश केलेल्या दगडाला लागू, कारण पॉलिशने दगड तसाच गडद झालेला असतो. बिनपॉलिशचा कोटा किंवा शहाबादी असेल तर मिश्रण त्याहून एक छटा फिकं धरा, आणि शेवटी ते फार बारीक घासायचं नाही म्हणजे मॅट राहतं.

कोट्याचा हिरवट करडा रंग काढायला हिरवा ऑक्साइड घेऊ नका, भडक होतो. काळ्यात पिवळा मिसळला की शेवाळी हिरवट येतो, तोच कोट्याचा. तपकिरी कोट्याला त्यात लालचं टोक. कडप्प्याला दगडाच्या भुकटीत काळा, पण निव्वळ काळा नाही, तो डांबरासारखा दिसतो, कडप्पा नीट बघितला तर करड्याकडे झुकलेला असतो. पांढऱ्या मार्बलमध्ये लोक पांढरा रंग मोकळ्या हाताने घालतात आणि खडूचा ठिपका तयार होतो. मकराण्यासारख्या चांगल्या मार्बलमधून थोडा उजेड आत जातो, त्याचं पांढरं हे अपारदर्शक नसतं, त्यामुळे तिथे भुकटी जास्त आणि पांढरा रंग नावाला.

रंग किती घालायचा तर टूथपिकच्या टोकावर येईल इतका, मग घोळा, बघा, परत. सगळे रंग आधी सुक्या भुकटीतच मिसळून घ्यायचे, मग इपॉक्सी. इपॉक्सीच्या दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीचे पट्टे काढा, ते आधी नुसते दोन मिनिटं नीट घोटा आणि मग त्यात भुकटी थोडी थोडी घाला. हार्डनर जास्त घातला की लवकर होईल असं नसतं, उलट कायम चिकट राहतं. मिश्रण कसं पाहिजे तर पिठलं घट्ट होत आलं की पळीवरून जसं सावकाश सरकतं तसं. त्याहून पातळ असेल तर भिंतीवरून ओघळेल, कोरडं असेल तर आत हवा राहील.

आणि भोकात भरायच्या आधी दगडाच्या तुकड्यावर एक ठिपका टाकून पूर्ण सुकू द्या, घासा, उजेडात धरून बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग खिडकीच्या उजेडात बऱ्याचदा वेगळा निघतो. मला विचाराल तर दोन-तीन छटांचे ठिपके एकदमच टाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यातला निवडा, एवढी एका रात्रीची कळ काढली की भरलेली जागा नंतर दिसत नाही.

शिरा असतील तर मिश्रणाचा थोडा भाग गडद करून बाजूला ठेवा. भोक भरल्यावर, ओलं असतानाच, टूथपिकने दगडातली शीर आरपार ओढून द्यायची, किंचित वाकडी, हात थरथरला तर उत्तमच.

भरणं

भोक सेंटिमीटरपेक्षा खोल असेल तर खालचा भाग आधी एम-सील किंवा नुसत्या इपॉक्सीने भरून सुकू द्या, वरचे पाच-सहा मिलिमीटर रंगीत मिश्रणाला ठेवा. एकदम मोठा गोळा भरला तर इपॉक्सी तापतं आणि बुडबुडे धरतं.

आधी टूथपिकने थोडं मिश्रण भोकाच्या भिंतींना आतून चोपडायचं, मग तळापासून वर भरत यायचं, मधून मधून टूथपिक आत खुपसून हवा काढायची. शेवटी कार्डाने दाबून वर किंचित फुगवटा ठेवा. लेव्हलला भरलं की बसल्यावर खळगा पडतो आणि दुसरा थर द्यावा लागतो, त्या थराची कड नंतर दिसते. भिंतीवर असेल तर वरून सेलोटेप दाबून लावा म्हणजे ओघळणार नाही.

कार्डावर उरलेलं मिश्रण पुसून टाकू नका. तेच तुमचं घड्याळ. फरशीवरच्याला हात न लावता दर थोड्या वेळाने त्या उरलेल्या ठिपक्याला नखाने दाबून बघायचं. नख चिकटत नाही पण खूण उमटते, असा रबरासारखा टप्पा आला की ब्लेड घ्यायचं. हा टप्पा उन्हाळ्यात लवकर येतो, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात बराच उशिरा, त्यामुळे तास मोजण्यात अर्थ नाही.

तासणं आणि चमक

ब्लेडचे दोन्ही कोपरे आधी एखाद्या तुकड्यावर घासून बोथट करा, मार्बलवर कोपऱ्याचा ओरखडा सहज उठतो. मास्किंग टेप काढा. ब्लेड फरशीला जवळजवळ आडवं ठेवून, किंचित वाकवून, फुगवटा थराथराने काढायचा, सालं निघतात तशी पातळ चकती निघते. एका दमात काढायला गेलात तर भरलेलं मधून उपटून येईल. कडेला बोट फिरवून बघा, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. मग रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी मार्बल आणि पॉलिशच्या कोट्यावर ४०० च्या वॉटर पेपरने, पाणी घेऊन, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून गोल गोल घासा. २२० फक्त लेव्हलमध्ये फरक राहिला असेल तरच. नुसत्या बोटाने घासलं तर इपॉक्सी दगडाआधी झिजतं आणि खळगा होतो. मग ८००, १२००, २०००, दर वेळी आधीचा गाळ पुसून, आणि प्रत्येक नंबरला घासायची जागा थोडी वाढवत न्यायची म्हणजे सीमा दिसत नाही. आधीच्या पेपरचे चरे दिसेनासे झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका, घाई इथे लगेच कळते. बिनपॉलिशच्या फरशीला २२० किंवा ४०० वर थांबा.

२००० नंतर मार्बलला पॉलिशवाले ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर ओल्या फेल्टने (जाड लोकरी कापडाने) घासतात. ती विषारी आहे, हातमोजे घाला, लहान मुलं आणि मांजर लांब ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. तिने दगड चमकतो, इपॉक्सी नाही, इपॉक्सीची चमक बारीक पेपरमधूनच यायची असते. दोन्हींत थोडा फरक राहतोच. उभं राहून दिसला नाही तर काम झालं समजा, गुडघ्यावर बसून फरशी बघायला पाहुणे येत नाहीत.

ग्रॅनाइटचा ओटा

सिंकच्या कडेचा टवका, मिक्सर ठेवताना पडलेली टिचकी, हे इथले नेहमीचे. पद्धत तीच, पण पेपर लावायचा नाही. ग्रॅनाइटची फॅक्टरीतली चमक एकदा घासून घालवली की घरी परत येत नाही. सगळं लेव्हल ब्लेडनेच करायचं, ग्रॅनाइट ब्लेडपेक्षा कडक आहे, ओरखडा पडत नाही. टाचणीच्या डोक्याएवढ्या खळगीला फेविक्विकचा थेंब, सुकला की ब्लेडने सपाट, झालं. ठिपक्यांच्या ग्रॅनाइटला एकच रंग भरला तर डाग दिसतो, दोन-तीन रंगांचं मिश्रण कण कण टाकून भरा. गॅसच्या अगदी शेजारी असेल तर तापलेली कढई त्यावर ठेवू नका, इपॉक्सी मऊ पडतं.

ट्रॅव्हर्टाइन

नवीन फ्लॅटमध्ये, लॉबीत हल्ली दिसतो तो फिकट बदामी, आडव्या रेघांचा दगड. गरम पाण्याच्या झऱ्यांमधून साठत गेलेला चुना आहे तो, भोकं त्यात नैसर्गिकच. फॅक्टरीत ती भरून पाठवतात आणि चालून चालून, विशेषतः टोकदार हिलने, पातळ आवरण फुटून नवीन भोकं उघडी पडतात. दोन-चार असतील तर वरच्या पद्धतीने. पूर्ण खोली चाळणी झाली असेल तर एकेक भरत बसू नका, बदामी रंगाचं इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा माल) आणून रबरी पट्टीने सगळ्यावर ओढून घ्या आणि लगेच ओल्या स्पंजने पुसा, लगेच म्हणजे लगेच, वाळलेला थर नंतर निघत नाही.

पाइपचं मोठं भोक

इंच-दीड इंचाचं भोक नुसत्या मिश्रणाने भरलं की तो टिळा कायम दिसतो. इथे त्याच दगडाची गोल चकती, म्हणजे गोळी, कापून बसवायची. डायमंड कोअर बिट (दगड गोल कापणारा पोकळ नळीसारखा ड्रिल बिट) घ्या, मधल्या गाइड ड्रिलशिवायचा, नाहीतर गोळीच्या मधोमधच नवीन भोक. आणि ज्या मापाच्या बिटाने भोक पाडलं होतं त्याच बिटाने गोळी काढली तर ती सैल होते, कारण बिटाच्या पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी कमी होते, म्हणून एक माप मोठा बिट आणि लागेल तसं घासून बसवायचं. कापताना पाणी सोडत राहा. बसवायच्या आधी गोळी फिरवून शिरांची दिशा जुळवा, पेन्सिलने खूण करा, मग इपॉक्सी. भोकाच्या खाली आधार नसेल तर आधी सिमेंटचा माल भरून वाळवून घ्या.

झाल्यावर

सीलर (दगडात पाणी, डाग मुरू नयेत म्हणून लावायचा द्रव) लावणार असाल तर भरून, घासून झाल्यावर. आधी लावलात तर इपॉक्सी धरणार नाही. दगडात मुरणारा सीलर घ्या, वर थर धरणारा नको, तो पायाखाली सोलतो. गॅलरीतल्या उन्हात इपॉक्सी हळूहळू पिवळं पडतं, तिथे पांढऱ्या दगडाला काही वर्षांनी परत करावं लागेल हे धरून चाला.

पुढच्या वर्षी सगळी फरशी मशीनने पॉलिश करून घ्यायचा बेत असेल तर शेवटचं घासणं-चमकवणं स्वतः करू नका, भोकं भरून, ब्लेडने सपाट करून सोडा, मशीन बाकीचं दगडासोबतच करून देईल. फक्त पॉलिशवाला येईल तेव्हा भरलेल्या जागा त्याला आधी दाखवा, नाहीतर तो सवयीने सगळ्यांवर एकच व्हाइट सिमेंटची लापी ओढून मोकळा होतो.